देह धरलेला देव

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, प्रवचन संपल्यावर, सगळे जण उभे राहून एक निवेदन एका सुरात म्हणतात. आम्ही कशावर विश्वास ठेवतो हे सांगणारं हे निवेदन इ. स. ३२५ च्या नायसीया आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल इथल्या धर्मपरिषदांतून घडलं. विश्वाची निर्मिती, येशूचा जन्म, क्रूसावरचं मरण, पुनरुत्थान, शेवटचा न्याय हे सगळं त्यात येतं. देवाचा पुत्र मरियेच्या उदरी माणूस झाला, असं सांगणारी ओळ आली की लोक मान लववतात. वर्षातल्या दोन दिवशी मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्या ओळीला गुडघे टेकायचे असतात. एक दिवस २५ मार्चचा, गाब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला त्या स्मरणाचा. दुसरा २५ डिसेंबरचा.

क्रूसाच्या किंवा पुनरुत्थानाच्या ओळीला हा मान त्या निवेदनात नाही. ख्रिस्ती धर्मात चमत्कार कमी नाहीत. पण ज्याने हे विश्व निर्माण केलं तो स्वतः त्यात येऊन एका बाईच्या पोटी वाढला, हे विधान ख्रिस्ती लोकांना सर्वांत अवघड वाटत आलं आहे, आणि नाताळ हा त्या विधानाचा सण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो येशूचा वाढदिवस वाटतो. केक, मेणबत्त्या, भेटवस्तू पाहिल्यावर तसं वाटण्यात त्याची चूकही नाही.

वाढदिवस असता तर तो पहिल्यापासून साजरा झाला असता. तसं घडलेलं नाही. पहिली दोन-तीनशे वर्षं ख्रिस्ती मंडळींच्या लेखी मोठा सण एकच होता, तो ईस्टर. पौलाची पत्रं हे नव्या करारातलं सर्वांत जुनं लेखन. त्यात येशू एका स्त्रीपोटी जन्मला यापलीकडे जन्माचा तपशील नाही. चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत आधीचं मानलं जातं ते मार्कचं. ते सुरू होतं तेव्हा येशू तिशीतला गृहस्थ असतो आणि बाप्तिस्मा घ्यायला नदीवर आलेला असतो. तिसऱ्या शतकातला मोठा भाष्यकार ओरिजेन तर वाढदिवसांवर चिडलेलाच दिसतो. पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे लोक, सत्पुरुष नव्हेत, असा त्याचा टोला आहे.

मग २५ डिसेंबर आला कुठून? रोममध्ये इ. स. ३५४ मध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात ही तारीख येशूच्या जन्माची म्हणून नोंदवलेली सापडते, आणि ती नोंद मुळात ३३६ च्या सुमाराची असावी असं मानतात. तारखेची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये ‘अजिंक्य सूर्या’ची उपासना राजमान्य केली, त्या सूर्योत्सवाची जागा ख्रिस्ती सणाने घेतली, हे एक. दुसरं गणिताचं: येशू ज्या तारखेला क्रूसावर मेला त्याच तारखेला तो मरियेच्या पोटी आला, अशी एक जुनी समजूत होती. ती तारीख २५ मार्च धरली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. दोन्ही बाजूंना अभ्यासक आहेत. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात जन्म आणि मरण एकाच दिवसाला बांधलेले आहेत, आणि पुढे पाहू तसं नाताळच्या सगळ्या परंपरेत ते तसेच बांधलेले राहतात. सूर्याचा संबंध अगदीच काल्पनिक नाही, हेही खरं. पाचव्या शतकात पोप लिओ आपल्या नाताळच्या प्रवचनात तक्रार करतात की, संत पीटरच्या मंदिरात येणारे काही ख्रिस्ती लोक पायऱ्या चढल्यावर आधी मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात आणि मग आत शिरतात.

सण पसरला तो काळ मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. ३८६ मध्ये अँटिओक शहरात योहान क्रिसोस्तोम नाताळचं प्रवचन करताना म्हणतात की, हा दिवस आपल्याकडे माहीत होऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. चौथं शतक हे येशू नेमका कोण या वादाने पेटलेलं शतक होतं. अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणत होता, पुत्र थोर खरा, पण तोही निर्माण झालेला. देवाच्या बरोबरीचा नव्हे. त्याच्या आधीपासून उलट्या टोकाचेही लोक होते. त्यांना देवाला खरंखुरं शरीर असणं किळसवाणं वाटे. येशूचा देह हा नुसता भास होता, असं ते म्हणत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी कैदी म्हणून रोमला नेला जाणारा बिशप इग्नेशियस वाटेतून लिहिलेल्या पत्रांत परत परत बजावतो की तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्यायला, खरोखर मेला. त्या ‘खरोखर’ची एवढी आवर्तनं वाचली की समोरच्या पक्षाचा जोर कळतो.

चर्चने दोन्ही टोकं नाकारली. ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेने शेवटी जे सूत्र ठरवलं त्याचा आशय असा: येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे, ही दोन्ही स्वरूपं एकमेकांत मिसळून तिसरं काही झालेलं नाही आणि ती वेगळीही काढता येत नाहीत. सूत्र ऐकायला कोरडं आहे. त्यामागची निकड चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने आधीच नेमकी मांडली होती: माणसाचं जे जे देवाने स्वतःवर घेतलं नाही, ते ते बरं झालेलं नाही. म्हणजे त्याने नुसतं शरीर घेतलं आणि माणसाचं मन घेतलं नाही, तर माणसाचं मन तसंच आजारी राहिलं. भीती घेतली नाही तर भीतीला औषध नाही. त्याच शतकातल्या अथनेशियसने याच विचाराचं दुसरं टोक धरलं. त्याच्या मते देव माणूस झाला तो माणसाला देवाच्या जीवनात वाटा मिळावा म्हणून. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळचा अर्थ आजही प्रामुख्याने असाच सांगतात. पश्चिमेकडे पापक्षमेवर भर जास्त पडला. पूर्वेला माणसाच्या स्वभावाचंच रूपांतर महत्त्वाचं वाटलं.

मराठी वाचकाला इथे अवतार आठवणार, आणि आठवावाच. फरक कुठे पडतो हे पाहिलं की ख्रिस्ती कल्पना अधिक स्पष्ट होते. अवतार गरजेनुसार पुन्हा पुन्हा होतात. ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच घडलं, आणि तेही ऑगस्टस कैसराच्या राज्यात, यहूदियातल्या एका गावात. अवतारकार्य संपलं की अवतार आवरता येतो. इथे येशू पुनरुत्थानानंतरही जखमांचे वण असलेलं शरीर घेऊनच स्वर्गात जातो. एकदा घेतलेलं माणूसपण देव परत टाकत नाही, असं हा धर्म मानतो. रामाचा विलाप किंवा कृष्णाचं लोणी चोरणं याकडे भक्त लीला म्हणून पाहू शकतो. येशूच्या बाबतीत लीला म्हणायला चर्चने ठाम नकार दिला. तो बाळ होता तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, येत असून तो गप्प होता असं नव्हे. लूक तर सरळ सांगतो की हा मुलगा वयाने वाढला तसा शहाणपणानेही वाढला. देवाला काही शिकावं लागलं, या विधानाने धर्मपंडितांची झोप शतकानुशतकं उडवली आहे.

जन्माची कथा दोनच शुभवर्तमानांत आहे आणि दोन्ही कथा एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. नाताळच्या देखाव्यात आपण त्या एकत्र करून टाकतो. मत्तयकडे तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी आहेत, हेरोद राजा आहे. हे ज्ञानी राजे होते किंवा तीन होते असं तो कुठेही म्हणत नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून पुढच्यांनी माणसं मोजली. लूककडे शिरगणती आहे, मेंढपाळ आहेत, उतरायच्या ठिकाणी जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे. गोठा दोघांकडेही नाही. बैल आणि गाढवही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या एका वचनातून आले. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाण कळते, पण देवाच्या लोकांना काही कळत नाही, असा त्या वचनाचा भाव आहे. म्हणजे देखाव्यातली ती दोन गरीब जनावरं माणसांना लगावलेली चपराक आहेत.

मत्तयच्या कथेआधी एक वंशावळ आहे. वाचताना लोक ती हमखास गाळतात. पुरुषांच्या नावांच्या त्या लांब रांगेत मरियेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको, म्हणजे बथशेबा. एकीने वेश्येचा वेष घेऊन सासऱ्याकडून मूल मिळवलं, दुसरी यरीहोची वेश्या, तिसरी परक्या मवाब देशातली विधवा, चौथीला दावीद राजाने दुसऱ्याच्या घरातून उचललं आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. घराण्याचा मोठेपणा सांगायला बसलेला माणूस ही नावं दडवतो. मत्तय ती मुद्दाम लिहितो. देव माणसांत आला तो धुतलेल्या कुळात आला नाही, एवढं त्याला गोष्ट सुरू होण्याआधीच सांगून टाकायचं आहे. लूकची धार आणखी वेगळी. त्याच्याकडे गरोदर मरिया जे स्तोत्र गाते त्यात सत्ताधीश सिंहासनावरून खाली ओढले जातात, भुकेले पोटभर जेवतात आणि श्रीमंत रिकाम्या हाताने परत जातात. शांत निळ्या पदराच्या चित्रांतल्या मरियेच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत, पण पुस्तकात ते आहेत, आणि चर्चमध्ये ते रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात. जन्माची पहिली बातमी रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना मिळते, हे मग आपोआप जुळतं.

चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. वेदीवर आणि धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा रंग, तिसऱ्या रविवारी गुलाबी. हा वाट पाहण्याचा आणि मन तपासण्याचा काळ आहे. सुरुवातीच्या वाचनांत बाळाचा पत्ताही नसतो. तिथे ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याची, न्यायाची, जागं राहण्याची भाषा असते. बाजारात नोव्हेंबरपासूनच नाताळ सुरू झालेला असतो, त्यामुळे हे चार आठवडे आज सर्वांत दुर्लक्षित राहतात. माझ्या मते त्यांच्याशिवाय नाताळला फारसा अर्थ उरत नाही.

मग मिस्सा तीन. मध्यरात्रीच्या मिस्सात लूकची जन्मकथा वाचतात. पहाटेच्या मिस्सात मेंढपाळ धावत बेथलेहेमला जातात. आणि दिवसाच्या मिस्सात अचानक बाळ, गव्हाण, मेंढरं सगळं नाहीसं होतं. तिथे योहानच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचतात. त्यात ना मरिया, ना योसेफ, ना गाव. सृष्टीच्या आधीपासून देवाजवळ असलेला, स्वतः देव असलेला शब्द देह धारण करून माणसांत राहायला आला, एवढंच. ज्यांना नाताळचा धर्मशास्त्रीय अर्थ हवा आहे त्यांच्यासाठी चर्चने तो दिवसाउजेडी ठेवला आहे. आदल्या रात्री जागलेली बरीच मंडळी मात्र तोवर गाढ झोपलेली असतात.

जन्मात मरण दिसण्याची गोष्ट वर आली. ती पाहायची तर ऑर्थोडॉक्स चर्चची जन्मचित्रं बघावीत. तिथे गोठ्याऐवजी गुहा असते, आतून काळी. दुसऱ्या शतकातच जस्टिन या लेखकाने येशूचा जन्म गुहेत झाल्याचं लिहिलं होतं आणि बेथलेहेमचं जन्ममंदिर अशाच गुहेवर उभं आहे. या चित्रांत बाळाला गुंडाळलेले पट्टे प्रेताला गुंडाळतात तसे दिसतात, आणि गव्हाण दगडी शवपेटीसारखी असते. खाली एका कोपऱ्यात योसेफ चिंतेत बसलेला, दुसऱ्या कोपऱ्यात दोन बायका बाळाला न्हाऊ घालताहेत, त्याला आपल्यासारखंच शरीर आहे हे कळावं म्हणून. कॅथलिक पंचांगही हेच करतं. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडांनी ठेचून मारलेल्या पहिल्या हुतात्म्याचा, स्तेफनचा, सण येतो. २८ तारखेला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचं स्मरण असतं. मत्तयच्या कथेत तोवर योसेफ आई-बाळाला घेऊन रातोरात मिसरला पळालेला असतो. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था नाताळात या प्रसंगाची आठवण देतात, ती त्यामुळे.

गोठ्याचा देखावा मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाशी जोडली जाते. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी, मरणाआधी तीन वर्षं, त्याने एका ओळखीच्या माणसाकडून गव्हाण, चारा, एक बैल आणि एक गाढव एवढंच आणवलं. मरिया-योसेफाच्या मूर्ती नव्हत्या. त्या गव्हाणीपाशीच मिस्सा झाला आणि शुभवर्तमान फ्रान्सिसने स्वतः गाऊन वाचलं. रिकाम्या गव्हाणीवर भाकर आणि द्राक्षारस ठेवले गेले, म्हणजे ख्रिस्त आजही अन्नाच्या रूपात तिथे येतो, हा त्याचा मुद्दा होता. मूर्तींची सजावट नंतरची. त्याचा पहिला चरित्रकार चेलानोचा थॉमस आणखी एक गंमत सांगतो. एकदा नाताळ शुक्रवारी आला, म्हणजे मांस वर्ज्य. एका बंधूने उपवासाचं विचारताच फ्रान्सिस भडकला: या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावं, आणि खाता येत नसेल तर त्यांना ते बाहेरून फासावं! बैल-गाढवांना त्या दिवशी जास्तीचा चारा आणि पाखरांना रस्त्यावर धान्य मिळावं, असा हुकूम सम्राटाने काढावा, अशीही त्याची इच्छा होती. देवाने देह घेतला असेल तर पोटाचा आनंद धर्माबाहेरचा उरत नाही. वसईतल्या घरी तळल्या जाणाऱ्या करंज्या आणि गोव्यातल्या नेवऱ्या यांना फ्रान्सिसचा पाठिंबा मिळाला असता.

सगळ्या ख्रिस्ती लोकांना हे मान्य नव्हतं. इंग्लंडच्या प्युरिटन पंथीय संसदेने १६४७ मध्ये नाताळच बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही आणि लोक तो दारू पिऊन साजरा करतात, अशी त्यांची दोन कारणं होती. दोन्ही खोटी म्हणता येत नाहीत.

देवाने देह धरल्याचा विचार आपल्या भाषेतही लवकर आला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोचला आणि १६१६ मध्ये रायतूर इथे त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं: मराठी ओव्या अकरा हजारांच्या घरात, लिपी मात्र रोमन. ज्यांच्या हातून जुनी पुराणं काढून घेतली गेली होती त्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काही हवं होतं, ही त्यामागची फारशी सुखद नसलेली बाजू. तीन शतकांनी रेव्हरंड ना. वा. टिळक ‘ख्रिस्तायन’ लिहायला बसले. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत. देवाने एका समाजाची भाषा, जेवण, कपडे घेऊन देह धरला असेल, तर प्रत्येक समाजाला त्याच्याकडे आपल्या भाषेतून जाता आलं पाहिजे, हा निष्कर्ष देहधारणाच्या सिद्धान्तातून सरळ निघतो. मिशनऱ्यांना तो नेहमी उमगला असं मात्र नाही. आपल्याकडच्या नाताळाचं एक रूप आजही दिसतं: ६ जानेवारीला गोव्यात रेइस मागोस, कासावली आणि चांदोर इथे तीन राजांचा सण होतो, राजांचा वेष केलेली मुलं निघतात. मत्तयच्या कथेत बाळाला शोधत आलेले हे पहिले परके लोक. त्यांच्यासाठी दार उघडं होतं, यावर त्या सणाचा भर आहे.

कॅथलिक पंचांगात नाताळचा काळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो. म्हणजे दोन-तीन आठवड्यांत बाळ एकदम तीस वर्षांचं होतं. मधल्या काळाबद्दल शुभवर्तमानांत एकच प्रसंग आहे, बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरात हरवतो तो. बाकी काही नाही. जुन्या करारात ज्याचं नावही येत नाही अशा नाझरेथ गावात तो सुतारकाम करत राहिला. देहधारणाचं विधान खरं मानणाऱ्यासाठी ही तीस वर्षं अवघड ठरतात: देव माणूस झाला आणि त्या आयुष्याचा बहुतेक भाग त्याने नोंद घेण्यासारखं काहीच केलं नाही.

फ्रेंच सैन्यातला माजी अधिकारी शार्ल द फुको याने नेमका हाच भाग उचलला. १८९७ ते १९०० तो नाझरेथमध्ये क्लेअर संन्यासिनींच्या मठात नोकर होऊन राहिला. नंतर दीक्षा घेऊन तो सहारा वाळवंटात गेला आणि १९०५ पासून तामनरासेत या वस्तीत तुआरेग लोकांमध्ये राहू लागला. प्रवचनं त्याने फार केली नाहीत, धर्मांतरंही जवळजवळ झाली नाहीत. त्यांची भाषा शिकून त्याने तिचा मोठा कोश रचला, त्यांची गाणी उतरवून घेतली. १ डिसेंबर १९१६ रोजी, आगमनकाळ सुरू होण्याच्या सुमारास, त्याच्या दारातच त्याला गोळी घालण्यात आली. चर्चने त्याला संत जाहीर केलं ते २०२२ मध्ये. तुआरेग-फ्रेंच कोशाचे चार खंड संतपद मिळण्याच्या बऱ्याच आधी छापून झाले होते.